डब्यातली कॅप्सूल

अहो, मघापासून खोकताय काय! थांबा – हा डबा बघा. बिस्किटांचा होता, आता आमचं घरचं मेडिकल म्हणा. ही कॅप्सूल घ्या चहाबरोबर, ॲमॉक्सिसिलीन की काय म्हणतात ती. डॉक्टर पाच दिवसांच्या देतात, मला दोनच दिवसांत बरं वाटतं, मग उरलेल्या इथे. टाकायच्या का? किशोरची दाढ असो, यांचा ताप असो – हाच डबा. तुमची सरिता सून म्हणून आली की तिलाही हेच शिकवीन. हळू बोलते हं, किशोर आत झोपलाय, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात रात्रपाळी होती.

घ्या ना! डॉक्टरांना विचारून? – अगं बाई, अगदी मोहिनीसारखं बोललात. हो, किशोरची पहिली. मध्यस्थाने सांगितलंच असेल, तापाने गेली. तापानेच हो. म्हणजे, ताप होताच. घोटीची पोर, लाडावलेली, नाटकं फार. हे औषध मला चालत नाही म्हणे, लहानपणी अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला म्हणे! डॉक्टरने लाल पेनाने लिहिलेला कागद पर्समध्ये घेऊनच सासरी आली. ज्याला त्याला दाखवायची. मी काढून घेतला. हा काय, डब्याच्या तळाला घातलाय, गोळ्या चिकटत नाहीत खाली.

तर त्या दिवशी तिचा घसा धरलेला, अंगात ताप. मी कॅप्सूल दिली. कसली म्हणून विचारते! मी पट्टीची एकेक गोळी कात्रीने कापून ठेवते, नाव कुठलं दिसायला? म्हटलं, तापाची आहे, गीळ. गिळल्यावर तोंड उघडून बघितलं – लबाड होती ना. पंधरा मिनिटं झाली नसतील, खाजवायला लागली, ओठ सुजले, दवाखान्यात न्या म्हणाली. मी काय समजायचं? वाटलं, कागद खरा करून दाखवतेय मला. दाराशी निघाली, तेव्हा मीच कडी घातली – कॉलनीत तमाशा नको म्हणून. किशोर कामावरून आला तोवर… आयुष्याची दोरीच तेवढी, माणसाच्या हातात काय असतं? कडीचं नि कॅप्सूलचं त्याला नाही सांगितलं, हळवा आहे फार. पण तेरा दिवस मी रडले हो, कुणालाही विचारा.

बरं, सरिताला चालतं ना सगळं? तिचा नाही ना असला कागद? – अहो, उठलात काय? चहा तरी संपवा. आणि तो कागद कशाला काढताय डब्यातून? ठेवा खाली. ठेवा म्हणते ना! आमच्या घरातला कागद आहे तो. – किशोर! ए किशोर, ऊठ, आधी दाराला कडी घाल, या बाई –

किशोर? कधीपासून उभा आहेस तिथे?