शिवणक्लासला जाणारी सून

निफाडच्या स्टॉपवर नाशिकच्या बसची वाट पाहत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या.

“वेदिका, तीन महिने शिवणक्लासला जाती, एक झबलं नाय शिवलं.”

“शिकतेय ना, आई.”

“अन् काल द्राक्षांनी भरलेलं कॅरेट एकटीनं उचललं. ते बी क्लासमध्ये शिकवतात?”

“आई, रागावू नका. जिमला जाते. वजनं उचलते. पोट किती उतरलं बघा.”

“म्हणून भात कमी अन् वाटीवाटीनं मटकी होय!”

“जिम बंद करू का?”

“माझ्याएवढ्या बाया येतात तिथं?”

“येतात की.”

“खाली बसलं की मला उठता येत नाय गं. तेवढं शिकवतील?”

“शिकवतील. पण घरी काय सांगायचं?”

“सांग, सासूला बी शिवण शिकायचंय.”