आईचा लांबवलेला सूर

कान तपासायच्या दवाखान्यात नंबर यायचा होता, म्हणून मी मनातल्या मनात रोजचा जप करत बसले होते. शेजारी एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची मुलगी बोलत होते. त्यांना कमी ऐकू येत असल्याने दोघांचेही आवाज चढलेले होते, आणि माझा जप बाजूलाच राहिला.

"तुझी आई गेली ती गेली. निदान माझे कान पुरते जायच्या आत तिचं गाणं ऐकव. कॉम्प्युटरवर तयार करता येतं म्हणालीस ना?"

"येतं, बाबा. कुठलाही सूर म्हणजे साध्या लहरींची बेरीज असते. एक मोठी लहर, तिच्यावर लहान लहान. कुठली किती जोरात आहे ते कळलं, की आवाज पुन्हा उभा करता येतो."

"मग घोडं अडलंय कुठं?"

"त्यासाठी आईनं लांबवलेला एक तरी सूर हवा. घरातल्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये ती नुसती 'हो' आणि 'आले' म्हणते."

"स्वयंपाकघरात गुणगुणायची की!"

"तेवढं एक सापडलं. पण तिचा सूर लागतो न लागतो तोच तुम्ही ओरडलात, 'बंद कर ते रडगाणं!'"

"गंमत केली असेल गं."

"आईला नाही कळली ती गंमत."

"बरं, बरं. मग माझा आवाज काढून टाक त्यातून. तुझ्या त्या लहरी वजा कर."

"केल्या, बाबा. तुमची एकूण एक लहर काढली."

"मग?"

"खाली काहीच नाही. आई तिथंच गप्प झाली होती."