मागून हाक न मारता कड्यावर गेल्याबाबत

मी, जयंती लक्ष्मीकांत पडवळ, वय ७१, धंदा घरकाम, शिक्षण दुसरी, मूळ राहणार जुन्नर, सध्या मुलाकडे नागोया. दुभाषी अनघाताई यांच्यामार्फत इथल्या पोलीस साहेबांसमोर समक्ष हजर राहून सांगते की,

आज सकाळी मुलगा प्रथमेश, नात मिताली आणि मी गाडीने डोंगराच्या पायथ्याला आलो. मिताली एकोणीस वर्षांची, कॉलेजात आहे, उंचीला बापावर गेली, नाक माझं. साहेब म्हणतात नाकाची गरज नाही. असू दे, लिहा. धुकं होतं, पाऊस भुरभुरत होता. प्रथमेश म्हणाला, "आज राहू दे गं." ती जपानीत काहीतरी बोलली आणि निघालीच.

तिचा रेनकोट सीटवर राहिला. प्रथमेश फोनवर ऑफिसातल्या कुठल्या तरी सानशी (इथे सगळ्यांच्याच नावाला सान लावतात) बोलत होता, मला म्हणाला, "आई, हाक मार ना तिला!" निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. आमच्याकडे कोणीच मारत नाही. म्हणून रेनकोट घेऊन मी तिच्या मागे गेले. तिला गाठून, पुढे होऊन समोरून द्यावा, एवढाच हेतू. प्रथमेशची पाठ होती, त्याला सांगितलं नाही.

वाट पुढे खडकाची झाली. दोन्ही अंगांना खाली काही दिसत नव्हतं, ते एक बरंच. पदर खोचला, खडकाला ठोकलेली साखळी धरून बसत बसत सरकले. लहानपणी शेरडांमागे अशीच जायचे. शेरडं बरी, थांबतात तरी.

खडकांवर पिवळे गोल काढलेत, त्यावरून वाट कळते. एका खडकावर फुली होती. फुली मला शाळेपासून ओळखीची. मिताली त्या फुलीच्या पलीकडे, उतरायला पाय खाली सोडलेला. धुक्यात तिला ती दिसली नसावी. तिच्या पायाखालून दगड सुटला. पडल्याचा आवाज आला नाही.

मी हाक मारली. मागूनच मारली. "मिते, मागं फिर!"

ती तशीच थांबली. मग पोटावर सरपटत वर आली आणि मलाच ओरडली, "आबुनाई, आजी, आबुनाई!" म्हणजे धोका आहे म्हणे. मला सांगते! मी तिला रेनकोट घातला, गळ्यापर्यंत चेन लावली. किती वेळ एकमेकींना धरून बसलो ते सांगता येणार नाही. नंतर तुमची माणसं आली. फार भली. चहा दिला, बिनसाखरेचा.

प्रथमेशने आई हरवल्याची तक्रार दिली आहे. मी हरवले नव्हते. ती रद्द करावी. माझं कोणाबद्दल काही म्हणणं नाही.

हे सगळं अनघाताईंनी मला मराठीत वाचून दाखवलं. मी बोलले तसंच उतरलं आहे. मला सही येते. हात अजून स्थिर नाही, म्हणून अंगठा देते.