दुष्काळात चढलेलं पाणी

चारुता, फोनवर: …नाही सर, अजून काहीच लिहिलेलं नाही. समोरच बसलीय अक्षदा. हो, आजी आल्यात देवगाव रंगारीहून. आईवडील मेंढरं घेऊन बाहेर आहेत, ते कुठून येणार? … सर, एकदा मूल्यमापनाच्या तक्त्यावर ‘बनावट नोंदी’ असा शेरा गेला की दहावीच्या प्रयोग तुकडीतून तिचं नाव जाणारच. म्हणून म्हणतेय, घाई नको. … मलाही दिसतंय सर, पाणी चढलंय. दुष्काळात विहिरीचं पाणी चढत नाही, एवढं विज्ञान मलाही… सॉरी. सॉरी सर. मधली सुट्टी संपेपर्यंत द्या मला. हो. ठेवते.

दगडाबाई: कोण व्हतं? तुमच्यावर बी कोण वरडतंय व्हय, बाई?

चारुता: मुख्याध्यापक. बद्रीनाथ सर. ओरडले नाहीत. तुम्ही खुर्चीवर बसा ना, आजी.

दगडाबाई: खालीच बरं हाय. फरशी गार लागती. पोरीनं काय केलं ते सांगा. चोरी?

अक्षदा: आजे!

दगडाबाई: आता गं? शाळंतून बलावणं आलं की माणसाला धडधडतंच. मामा तुझा म्हनला, विज्ञानाच्या बाईनं बोलावलंय. म्हनलं, विज्ञानात चोरण्यासारखं काय असतंय?

चारुता: चोरी नाही, आजी. मी सांगते. ह्या विषयाचे अर्धे मार्क पेपरवर नसतात. प्रत्येक मुलानं वर्षभर एक प्रश्न धरायचा आणि त्याच्यामागं जायचं. किती पाठ केलं ते मी बघत नाही. कुठून निघाला आणि कुठं पोचला, ते बघते. अक्षदाचा प्रश्न होता, आमच्या वस्तीच्या विहिरीचं पाणी किती उतरतं, आणि का. हा तिचा ग्राफ. गणपतीपासूनचा. वर विहिरीचा काठ, आणि तिथून पाण्यापर्यंत किती हात दोर खाली गेला, त्याची ही रेघ. बघा, पाणी उतरतंय. दसरा, दिवाळी, उतरतंय. संक्रांत. आणि इथं…

दगडाबाई: वर गेली.

चारुता: वर गेली. आणि चार आठवडे वरच आहे.

दगडाबाई: मंग चांगलंच झालं की. पाणी चढलं म्हणून कोण रडतंय?

चारुता: आजी, तुमच्याकडे शेवटचा पाऊस कधी झाला?

दगडाबाई: पोळ्याला शिंतोडे आलते. त्याला पाऊस म्हणायचं का नाय, ते तुमी ठरवा.

तक्ता: निरीक्षण. विद्यार्थ्याने नोंदी स्वतः व नियमित घेतल्या आहेत काय? होय किंवा नाही यावर खूण करावी.

चारुता: छापलेलं आहे, मी फक्त वाचून दाखवतेय. अक्षदा, कशावर खूण करू?

अक्षदा: होयवर.

चारुता: माझ्याकडे बघून सांग.

अक्षदा: होयवर करा, मॅडम.

चारुता: हिमांशूच्या गटाने गारखेड्यातल्या सोसायट्यांचे बोअर मोजले. त्यांची रेघ बघ. जिना उतरावा तशी उतरलीय. अमेयच्या गटाची तशीच. सगळ्या शहराचं पाणी खाली चाललंय आणि तुझ्या एका विहिरीचं वर. सर म्हणतात, शेवटचे आकडे हिने घरी बसून लिहिलेत. मी त्यांना काय सांगू?

अक्षदा: हिमांशूकडे शाळेचा टेप होता. माझ्याकडे दोर. तुम्हीच म्हणालात, टेप एकच आहे, तू हातानं मोज, चालेल.

चारुता: चालेल म्हणाले. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाचा हात, असंही म्हणाले होते.

दगडाबाई: हे मला कुणी सांगितलं नाय, बाप्पा.

चारुता: तुम्हाला कशाला सांगेल कुणी?

अक्षदा: आजे, गप बस ना.

दगडाबाई: मी कशापायी गप बसू? चार ऐतवार काठावर वाकून माझी कंबर गेली, आन् मीच गप बसू?

चारुता: अक्षदा, शेवटच्या चार नोंदी आजींनी घेतल्या?

अक्षदा: आजी मोजायची. मी फोनवर विचारून लिहायचे.

चारुता: आणि खाली ‘निरीक्षक’ म्हणून नाव तुझं.

अक्षदा: हो.

चारुता: मग सर काय चुकीचं बोलतायत? सांग ना! मी सकाळपासून त्यांच्याशी भांडतेय, की ही मुलगी असं करणार नाही, हिला मी ओळखते. काय ओळखते मी? कुठे होतीस तू ते चार रविवार?

अक्षदा: इथंच.

चारुता: इथं म्हणजे मामाकडे?

अक्षदा: इथं म्हणजे ह्या वर्गात, मॅडम. तुम्ही सादरीकरणाचा सराव ठेवला होता. तपासणी पथक येणार म्हणून. जो येणार नाही त्याचं नाव कापीन म्हणालात.

चारुता: बाकीचेही होते की सरावाला. त्यांनी मोजलंच ना?

अक्षदा: बाकीच्यांच्या बोअरी इथंच आहेत. सराव सुटला की ते जाऊन मोजून यायचे. माझी देवगावची गाडी सकाळीच निघून जायची.

चारुता: मला सांगायचंस.

अक्षदा: आले होते सांगायला. तुम्ही म्हणालात, आधी ते इंग्रजीतलं भाषण पाठ कर, मग बोलू.

चारुता: असं म्हणाले मी?

अक्षदा: ‘गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड ज्युरी’पासून सगळं पाठ आहे. म्हणून दाखवू?

चारुता: नको.

दगडाबाई: म्हण की. मला कुठं ऐकवलंस?

अक्षदा: आजे, आता नाय.

तक्ता: पद्धत. मोजमापात सातत्य आहे काय? सातत्य नसल्यास कारण नमूद करावे.

चारुता: थांब. कारण नमूद करावे. इथे जागा आहे. हात बदलला, म्हणून आकडा बदलला. आजींचा हात तुझ्यापेक्षा लांब असला, तर तेवढ्याच दोरात हात कमी भरणार. आणि पाणी वर आल्यासारखं दिसणार.

अक्षदा: मला पण तसंच वाटलं होतं! पहिल्याच रविवारी. म्हटलं, गावाला गेले की आजीचा हात मोजीन आणि हिशोब लावून घेईन. मग जाणंच झालं नाही.

चारुता: आत्ता मोजू. आजी, या. बाकावर कोपर टेकवा. अक्षदा, तू शेजारी. कोपर एका रेषेत घ्या. टेप कुठेय… राहू दे, डोळ्यांनीच दिसेल.

(दोघींचे हात बाकावर शेजारी शेजारी.)

अक्षदा: आजे, मधलं बोट सरळ कर.

दगडाबाई: व्हत नाय ते सरळ. इळा लागलाय लहानपणी. बाकीचे बघ.

अक्षदा: …सारखेच हायेत.

दगडाबाई: सारखेच असणार. माझ्यावर गेलीस तू. तुझ्या मायचे हात बघ, बाहुलीवानी.

चारुता: नीट बघ. थोडा तरी फरक असेल.

अक्षदा: नखाएवढा. तो बी माझाच लांब.

चारुता: म्हणजे हातामुळे नाही.

अक्षदा: नाय.

चारुता: मग सरांना काय… आजी, एक विचारते, रागावू नका. दोर खरंच सोडला होता ना तुम्ही? म्हणजे, पोरीला बरं वाटावं म्हणून नुसतंच काहीतरी…

दगडाबाई: म्हंजी मी खोटं बोलते.

चारुता: तसं नाही हो.

दगडाबाई: तसंच की. बाई, मी शाळेची पायरी चढले नाय, पण हात मोजता येतो. शेळीला दावं किती, मेंढराभवती वाघुरीची जाळी किती, हातानंच मोजीत आले जलमभर. ‘आजे, धोंडा पाण्याला टेकला की दोर काठावर चिमटीत धर,’ म्हनली. धरला. ‘मंग वर काढून हातानं भर,’ म्हनली. भरला. पोरीच्या शाळंचं काम, त्याच्यात मी लबाडी करीन?

चारुता: चुकले. माफ करा. वेळ संपत आलीय, मला काही सुचत… हा कुणाचा फोन आता. बोल, स्वरदा. … आत्ता आला? अगं, मी शाळेत आहे, मी कशी येऊ? वॉचमनकाकांना सांग, खालच्या टाकीचं झाकण उघडून द्या. आणि पाइप टाकीतच सोडतायत का ते उभं राहून बघ, मागच्या वेळी अर्धा टँकर पार्किंगमध्ये सांडला. … डबा खा. ठेव.

दगडाबाई: लेक का?

चारुता: हो. सातवीत आहे.

दगडाबाई: तुमच्याकडं बी टँकर येतोय? एवढाल्या माड्या उठल्यात इकडं, मला वाटलं पाणी चिक्कार आसंल.

चारुता: आमचे दोन्ही बोअर आटले, आजी. नवीन बिल्डिंग झाली की नवा बोअर, आणि आधीच्यांचा कोरडा.

दगडाबाई: पर तुमचं बरं हाय. टाकीत वततेत. झाकण लावलं की झालं. आमच्या इथं हिरीत वततेत, मंग शेंदा. अर्धं तर खाली खडकात मुरतंय.

चारुता: काय म्हणालात?

दगडाबाई: शेंदावं लागतंय म्हनलं.

चारुता: त्याच्या आधी.

अक्षदा: कोणत्या हिरीत, आजे?

दगडाबाई: कोणत्या म्हंजी? वस्तीला हिरी हायेत किती?

अक्षदा: कव्हापासून?

दगडाबाई: संक्रांत झाली, तव्हापून. हापसा तर दिवाळीतच गेला व्हता. मंग आमच्या वस्तीच्या साहेबरावानं तालुक्याला खेटे घातले, तव्हा कुठं टँकर मंजूर झाला. ऐतवारी अन् गुरवारी येतोय. येतोय म्हंजी, आला तर येतोय.

अक्षदा: मला काऊन नाय सांगितलं?

दगडाबाई: तू इचारलंस? तू फोन करायची, ‘आजे, किती हात?’ मी सांगायची, इतके हात. की ठेवला फोन. जेवलीस का म्हणून बी इचारलं नाय एका बी ऐतवारी.

अक्षदा: मागं पोरं रांगेत उभी असायची, भाषण म्हणायला.

चारुता: आजी, नीट आठवा. दोर कधी सोडायचात? टँकर यायच्या आधी की नंतर?

दगडाबाई: नंतर.

चारुता: दर वेळी?

दगडाबाई: पहिल्या ऐतवारी आधी सोडला व्हता. कोरडा आला. धोंडा खाली खडकावर वाजला, आन् दोराला वल बी नाय. म्हनलं, आता हे काय सांगू लेकराला? कोरडं सांगितलं तर नापास करतेल. मंग बसले लिंबाखाली. टँकर आला, बाया गोळा व्हायच्या आधी पटकन दोर सोडला, आन् ते सांगितलं.

अक्षदा: मॅडम, ते खोडा.

चारुता: काय?

अक्षदा: निष्कर्ष. मी लिहिलंय, वरच्या अंगाच्या दोन बोअरी बंद पडल्या म्हणून विहिरीचं पाणी परत आलं. ते खोटं आहे. पाणी आलंच नाय. आणलंय. मी चार आठवडे टँकर मोजला!

चारुता: अक्षदा, निष्कर्ष खोडला तर ती जागा रिकामी राहील. वीस मार्क त्याच जागेला आहेत.

अक्षदा: मग काय ठेवायचं? मला माहीत झाल्यावर?

तक्ता: कोणताही रकाना रिकामा ठेवू नये.

दगडाबाई: माझ्यामुळं झालं का हे? आगं, मी तर चांगलं व्हावं म्हणून…

अक्षदा: तुझ्यामुळं नाय. आकडा वर गेला, तव्हाच मी पुन्हा इचारायला पाहिजे व्हतं. मला बी तो वर गेलेला बरा वाटला. पाणी आलं असं वाटलं.

चारुता, फोनवर: सर, चारुता बोलतेय. … हो, मिळालं. सर, पाणी चढलं नव्हतं, ओतलं होतं. वस्तीचा टँकर विहिरीतच रिकामा करतात. … नाही, आकडे बनावट नाहीत, आकडे खरे आहेत. पण तिने घेतलेले नाहीत, आजीने घेतलेत. हो, नियम मोडला. हो सर, नाव स्वतःचं लिहिलं, ते चुकलंच तिचं. … आणि त्या चारही रविवारी ती माझ्यासमोर बसली होती. मी बसवली होती. सराव मी लावला होता. तेही लिहिणार आहे, माझ्या नावासकट. … पथक विचारेल तर विचारू दे. … मला कळतंय सर, शाळेचं… सर, प्रगतीच्या रकान्यात मी आज काही… हॅलो? … हो, आहे. … बरं. सोमवारी. दोघी येतो.

दगडाबाई: काय म्हनले?

चारुता: सोमवारी दोघींनी केबिनमध्ये या म्हणाले. मी आणि ही. ‘बनावट’ तोपर्यंत लिहिणार नाहीत.

दगडाबाई: आन् सोमवारी लिहितेल?

चारुता: माहीत नाही, आजी.

अक्षदा: मॅडम, परवा रविवार आहे. मी उद्याच आजीबरोबर जाते. टँकर यायच्या आधी दोर मी सोडीन. माझ्या हातानं. आणि आधीच्या चार नोंदींपुढे आजीचं नाव लिहिते, आणि टँकर लिहिते.

दगडाबाई: आगं पण आधी सोडलास तर कोरडा यील. सांगितलं ना तुला.

अक्षदा: येऊ दे. कोरडा लिहीन.

चारुता: कोरडा म्हणजे किती हात?

अक्षदा: …जितके हात विहीर खोल, तितके.

चारुता: पाणी तितक्यावर आहे?

अक्षदा: हो. नाय. नाय, मॅडम. धोंडा खडकाला लागला म्हणजे विहीर संपली, एवढंच कळलं. पाणी त्याच्या खाली गेलंय. किती खाली, ते माझ्या दोराला नाय कळत.

चारुता: मग निष्कर्षात काय लिहिशील?

अक्षदा: असंच. विहीर संपली. पाणी कुठं आहे, माहीत नाही.

दगडाबाई: असं लिहून चालतंय व्हय बाई, तुमच्यात? माहीत नाही म्हणून?

चारुता: चालायला पाहिजे, आजी.