चावीकाकांवरची तक्रार

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, पाणी खात्यातले कर्मचारी बंधुभगिनी, आमच्या मागच्या गल्लीतले शेजारी, आणि एकतीस वर्षं रस्त्यात वाकून पाण्याच्या चाव्या फिरवल्यावर आज खुर्चीत ताठ बसलेले आमचे चावीकाका,

मी शिवणकाम करणारी बाई. कापड बेतता येतं, भाषण नाही. काकांच्या गौरवाला मला बोलावलं याचं नवलच वाटलं, कारण त्यांच्याविरुद्धच्या तक्रारअर्जावर पहिली सही माझी आहे. बोलावणाऱ्या साहेबांना हे ठाऊक नसेल का? असो.

दोन वर्षांपूर्वी गल्लीपलीकडे तो टॉवर उभा राहिला आणि आमचं तासभराचं पाणी वीस मिनिटांवर आलं. चावी कुणाच्या हातात? काकांच्या. मग पाणी कुठे मुरतंय हे वेगळं सांगायला हवं? मी चार दिवस त्यांच्या मागावर राहिले. चौथ्या दिवशी ते टॉवरच्या वॉचमनशी हसून बोलताना दिसले. हसतायत म्हणजे काहीतरी मिळालं असणार!

अर्ज दिला. आमच्या तुंबलेल्या गटाराच्या अर्जाला सात महिने लागले होते. या अर्जावर दोन दिवसांत काकांची रेकॉर्डच्या खोलीत बदली झाली. मनात पाल तेव्हाच चुकचुकायला हवी होती.

नवा माणूस आला. पाणी दहा मिनिटांवर गेलं.

शेवटी मी काकांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं. "आता आणखी कशावर सही हवीय?" एवढंच विचारलं. मी मान खाली घातली. आतून काका म्हणाले, "अगं, येऊ दे त्यांना. पाणी आलं नसणार."

भर दुपारी त्यांनी मला गल्लीच्या तोंडाशी नेलं. तिथे रस्त्यावर डांबराचं नवं ठिगळ होतं. त्यावर लोखंडी सळई टेकवून म्हणाले, "कान लावा." आत पाणी खळाळत होतं. आणि आमचे नळ कोरडे!

"कुणाकडे जातं हे?"

"ते सळईला कळत नाही, ताई. म्हणून तर 'खोदून बघा' असं ऑफिसला तीनदा लिहून दिलं."

"मग?"

"मग तुमचा अर्ज आला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी धीर करून विचारलं, "पण तो वॉचमन?"

"माझा व्याही आहे हो! व्याह्याशी हसायचंही नाही?"

आज निवृत्तीला चौदा महिने उरले असताना काका 'स्वेच्छेने' निवृत्त होत आहेत. स्वेच्छा कुणाची, हे मी या आनंदाच्या प्रसंगी विचारणार नाही. फक्त त्यांना दिलेल्या गुच्छावर टॉवरवाल्यांचं कार्ड आहे, ते मी वाचलं. शिंप्याची नजर, काय करणार?

तर अध्यक्ष महोदय, काल मी माझा अर्ज लेखी मागे घेतला. सोबत रस्ता खोदण्याची मागणी दिली, चौपन्न घरांच्या सह्यांनिशी. काकांची तिन्ही पत्रं जोडली आहेत. पोच घेतली आहे. यावेळी दोन दिवस लागतात की सात महिने, ते आम्ही बघतोच आहोत.

मला बोलू दिलंत, याबद्दल संयोजकांची ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर मान्यवरांनी मोठ्या मनाने पोटात घालावं. काका, तुमची क्षमा मात्र नाव घेऊन मागते, आणि इथे, सगळ्यांसमोर. तुमची बदनामीही मी अशीच चारचौघांत केली होती.