बिचारा प्रोसेसर

या मायबाप, कीर्तन सुरू व्हायच्या आत जरा जवळ सरकून बसा. डिंडोलीतली गोष्ट सांगतो. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पुष्पाबाई रांगेत होत्या, त्यांनीच मला ती सांगितली. पुढे कडोदऱ्याचे यंत्रमागांचे मालक योगराजशेठ दुकानातल्या सुषमाशी बोलत होते. शेठचा कॉम्प्युटर त्यांचा कारागीर वाल्मिक खांद्यावरून घेऊन आला होता.

"सुषमाताई, भारीतलं ग्राफिक्स कार्ड टाकलं, तरी गेम अडखळतो."

"कार्ड मोकळंच बसलंय, शेठ. दमलाय तो प्रोसेसर. गेममधल्या बाजारात कोण कुठे चाललंय, ते सगळं तो एकटा बघतो."

"मग चित्र पुसट करू?"

"त्यानं कार्डाला आराम, याला नाही. सेटिंगमध्ये जाऊन गर्दी कमी करा."

"केली. अरे वा, पळाला की! बिचारा. एकट्यावर लादायचं तरी किती?"

वाल्मिक म्हणाला, "शेठ, माझ्याकडे बारा माग होते, कालपासून सोळा झाले. आठव्याची सुताची तार जोडतो, तोवर पहिल्याची तुटते."

"अरे वाल्मिक, तू माणूस आहेस, सांभाळून घेशील. मशीनला जपावं लागतं."

"मग मलाबी मशीनच म्हणा ना, शेठ."

"चल, उचल तो कॉम्प्युटर. हळू, धक्का लागेल त्याला."

मायबाप, आज कीर्तनात टाळ हाती घ्याल, तेव्हा सोळा मागांवरच्या वाल्मिकची आठवण असू द्या.