दारापर्यंत

फिजिओ : ...बसू नका, काका! काठी डाव्या हातात धरा. आज दारापर्यंत जायचंय.

मास्तर : सहा पावलं झाली की. बास. उजवा पाय शिशासारखा जड झालाय.

फिजिओ : गेल्या महिन्यातही सहाच होती. अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले. पायात ताकद आलीये, मी तपासते ना दर मंगळवारी. मग घोडं अडतंय कुठं?

मास्तर : चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलं या पायानं. आता म्हणतो, मास्तर, मला रजा द्या.

फिजिओ : येताना खालचा दुकानदार भेटला.

मास्तर : ...काय म्हणाला?

फिजिओ : मास्तर रोज सकाळी स्वतः दूध न्यायला येतात, म्हणाला. बावीस पायऱ्या उतरून.

मास्तर : त्याच्या जिभेला हाड नाही.

फिजिओ : आणि मी घरी जाऊन डोकं खाजवतेय, माझं काय चुकतंय म्हणून! पुस्तकं उघडून बसले, काका, तुमच्यापायी.

मास्तर : तुझं काही चुकलं नाही गं. चुकलं ते माझं.

फिजिओ : पण का?

मास्तर : दारापर्यंत पोचलो की कागदावर 'बरे झाले' लिहिणार, असं तूच म्हणालीस. मग मंगळवारी कोण येणार? मुलगा रविवारी फोन करतो. 'व्यायाम करताय ना?' 'करतोय.' संपलं. ही गेल्यापासून 'उठा' म्हणणारं कुणी राहिलं नाही या घरात.

(ती बॅगेतून कागद काढते, पण लिहीत नाही.)

फिजिओ : मला लिहावंच लागेल. अकरा जण थांबलेत. काही तर अजून पलंगावरच आहेत.

मास्तर : लिही. त्यांचा वार मी किती दिवस अडवू?

फिजिओ : गुरुवारी दवाखान्याच्या हॉलमध्ये झटका येऊन गेलेले सगळे एकत्र चालतात. याल?

मास्तर : लंगड्यांची पलटण! तिथं 'उठा' कोण म्हणतं?

फिजिओ : एकमेकांना म्हणतात.

मास्तर : हं... बघू. चल, तुला बस स्टॉपपर्यंत सोडतो. निदान एकदा तुझ्यादेखत नीट चालू दे.

फिजिओ : येताना एकटे याल ना?

मास्तर : येईन की. एकट्यानं यायची सवय जुनी आहे.